आपल्या उंबऱ्याचा फूट किती? पुराआधी गल्ली आणि गाव तयार कसं करायचं

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला लाईटचा एक जुना लोखंडी पोल आहे, त्याच्यावर ऑइलपेंटच्या दोन रेषा मारल्यात, खालची २०१९ ची आणि तिच्यावर वीतभर अंतरावर २०२१ ची. दोन्ही रेषा माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर सगळीकडं आकडा फिरत होता, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा ४६ फूट, ४७ फूट, ४८ फूट, आणि आम्ही गल्लीत उभं राहून तो वाचत होतो, पण ४८ म्हणजे आपल्या दारापासून पाणी किती लांब हे एकालाही सांगता येत नव्हतं. जुनी माणसं म्हणाली २००५ ला इथंवर आलं नव्हतं, आता कुठलं येतंय. त्या एका वाक्यावर सगळी गल्ली झोपली. पहाटे चारला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा त्या घोटाभर पाण्यात उभ्या होत्या, आणि आमचा फ्रीज, आईचं शिलाई मशीन, पोरांची दप्तरं, वर्षाचं धान्य सगळं खालच्या खोलीतच होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षं आम्ही मंडळाच्या पोरांनी बसून, विचारून, मोजून एक पद्धत बसवली, ती इथं सविस्तर लिहितोय. सगळ्याचं मूळ एका आकड्यात आहे, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं की पाणी माझ्या उंबऱ्याला लागतं. हा आकडा हातात असला की बाकीची कामं त्याच्यावरनं आपोआप निघतात. नसला तर बोट येऊ दे नाहीतर एनडीआरएफ येऊ दे, आपण उशीरच करतो.

पहिलं काम: उंबऱ्याचा फूट काढा

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात, ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ आहे. पण हे दोन आकडे अख्ख्या शहरासाठी आहेत, तुमच्या घरासाठी नाहीत. सुतारवाड्यातल्या लोकांना धोका पातळीच्या आसपासच बोचकी बांधून बाहेर पडावं लागतं, आणि कुणाच्या दारात ५४ फुटांपर्यंत थेंब येत नाही.

तुमच्या भिंतीवर २०२१ ची खूण शिल्लक असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. जुलै २०२१ मध्ये बंधाऱ्यावर जास्तीत जास्त पातळी ५६ फूट ३ इंच झाली होती, २०१९ ला ५५ फूट ७ इंच. टेप घ्या, उंबऱ्यापासून खुणेपर्यंत उंची मोजा आणि वजा करा. आमच्या घरात २०२१ ची खूण उंबऱ्याच्या वर ६ फूट ३ इंच आहे, म्हणजे ५६ फूट ३ इंचातनं ६ फूट ३ इंच गेले, राहिले ५०. आमच्या उंबऱ्याचा फूट ५०. गल्लीचं तोंड आमच्यापेक्षा दोन फूट खाली आहे, म्हणजे ४८ ला गल्लीचं तोंड बंद होणार आणि चारचाकी आत-बाहेर व्हायची थांबणार. हा ४८ चा आकडा खरं तर ५० पेक्षा महत्त्वाचा आहे कारण सामान, म्हातारी माणसं, गाड्या सगळं त्याच्याआधी काढायला लागतं.

खूण पुसली असेल, रंग मारला असेल, तर मोबाईलमधले जुने फोटो काढा. फोटोत तारीख आणि वेळ असते, त्या वेळेला बंधाऱ्यावर किती फूट होतं ते त्या दिवसाच्या पेपरात किंवा जुन्या मेसेजमध्ये सापडतं. गल्लीत एका जरी घराचा आकडा पक्का मिळाला तर बाकीच्या घरांचा गवंड्याच्या लेव्हल पाईपनं निघतो, पारदर्शक पाईपमध्ये पाणी भरायचं, एक टोक पक्क्या खुणेला, दुसरं शेजारच्या उंबऱ्याला, फरक टेपनं मोजायचा. आम्ही चौघांनी एका रविवारी दुपारपर्यंत एकतीस घरं मोजली. प्रत्येक चौकटीवर आतल्या बाजूनं पेन्सिलनं आकडा लिहिला, ४९, ५०, साडेएक्कावन्न. एका आजींनी त्या आकड्याला हळदीकुंकू लावलं, ते अजून तसंच आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. नदीचं पाणी म्हणजे पिंपातलं पाणी नाही, त्याला उतार असतो, आणि गेज एका जागी आहे, त्यामुळं दर पुराला हिशोब इंचाइंचाला जुळत नाही. काढलेल्या आकड्यातनं एक फूट वजा करून तोच आपला आकडा धरा. नदीपासनं आत असलेल्या गल्ल्यांमध्ये पाणी समोरून येतच नाही, जयंती नाला किंवा दुधाळी नाल्यातनं उलटं फिरून मागच्या बाजूनं येतं, म्हणून नदीकडं तोंड करून बसू नका, नाल्यावरच्या पुलाकडं बघा.

शिरोळकडच्या गावांनी राजाराम बंधाऱ्यावर अजिबात अवलंबून राहू नये. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, त्या सगळ्या पट्ट्यात पंचगंगा आणि कृष्णा दोन्हींचं पाणी एकत्र येतं, तिथं वाडीची आणि राजापूर बंधाऱ्याची पातळी बघावी लागते. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी तिकडं चढत असतं, आणि चढलेलं लवकर हलत नाही.

दुसरं काम: फुटाचं तासात रूपांतर

पूर आला की सकाळ-संध्याकाळ मेसेज येतो, इतके बंधारे पाण्याखाली, राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच. लोक फक्त फूट वाचतात. खरी गोम दोन मेसेजमधल्या फरकात आहे. सकाळी ८ ला ४१ फूट होतं आणि दुपारी २ ला ४२ झालं तर सहा तासांत १२ इंच, म्हणजे तासाला २ इंच. आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत ६ फूट राहिलेत, ७२ इंच भागिले २, छत्तीस तास. हाच वेग तासाला ६ इंच झाला तर फक्त बारा तास. आणि हे बारा तास कुठले पडतात ते बघा, रात्र मध्ये येत असेल तर संध्याकाळी उजेडातच उठायचं, रात्री ठरवू म्हणायचं नाही. २०२१ ला पाणी इतकं झपाट्यानं चढलं की सकाळी ऑफिसला गेलेल्या माणसांना संध्याकाळी घराकडं जायला रस्ता उरला नव्हता.

वेग कशानं वाढतो ते पण माहीत पाहिजे. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडं दिवसभर पाऊस लागला की कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या एकदम फुगतात आणि प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा म्हणून आपल्याकडं येतात. शहरात ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते, याला फसू नका. दुसरं म्हणजे राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर, मोठे चार टँकर दर सेकंदाला. दरवाजा उघडल्याची बातमी आली की वहीत वेळ लिहा आणि बंधाऱ्यावर त्याचा परिणाम किती तासांनी दिसला ते पण लिहा. दोन-तीन पावसाळ्यात तुमच्या वहीत जो अंदाज तयार होतो तो दुसरीकडं कुठं मिळणार नाही.

तिसरं काम: कुठल्या फुटाला काय करायचं ते आधीच ठरवा

पाणी दारात आल्यावर माणसाचं डोकं चालत नाही, हे मी स्वतः बघितलंय, माझा सख्खा भाऊ त्या पहाटे देवघरातली समई हातात घेऊन अर्धा तास नुसता फिरत होता. म्हणून यादी मे महिन्यातच करायची आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मागं चिकटवायची. आमच्या ५० फुटांच्या घराची यादी अशी आहे, तुमच्या आकड्याप्रमाणं ती खाली-वर सरकवा.

३९ ला कागदपत्रं. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, घराची कागदं, पोरांचे दाखले, विम्याची पॉलिसी, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये. घरातल्या औषधांचा पंधरा दिवसांचा साठा याच वेळेला करायचा, कारण पुढं मेडिकल उघडं असलं तरी माल येत नाही. ४१ ला धान्य, गाद्या, मशीन वर. ४३ ला गाड्या उंचावर नेऊन लावायच्या, नंतर गेलं तर पार्किंगला जागा मिळत नाही. ४५ ला म्हातारी माणसं, लहान पोरं, गरोदर बायका पाहुण्यांकडं. ४६ ला गॅस सिलिंडर बंद करून साखळीनं खिडकीच्या गजाला बांधायचा, तो तरंगतो आणि भिंतीवर आदळत फिरतो. ४७ ला मेन स्विच बंद, कुलूप, आणि सगळे बाहेर. आमच्यात एक नियम केलाय की ४७ ला घरात एकही माणूस राहायचा नाही, सामान राखायला म्हणून सुद्धा नाही. ज्यांना वर माळा किंवा दुसरा मजला आहे ते म्हणतात आम्ही वर बसतो, पण वर बसलेल्या माणसाला चार दिवस दूध, पाणी, औषध पोचवायला दुसऱ्या चार माणसांना जीव धोक्यात घालावा लागतो.

कुंभार बांधवांचं गणित अजून अवघड आहे. शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प, दोन्हीकडं पुराच्या टायमाला गणपतीच्या मूर्ती रंगकामाला आलेल्या असतात, आणि मूर्ती एका रात्रीत उचलता येत नाहीत. ज्यांचा गोठा, कारखाना, गोडाऊन असं मोठं काम आहे त्यांनी आपल्या यादीतले आकडे घरापेक्षा तीन-चार फूट आधीचे धरावेत, आणि उंचावरच्या भागात एखादा हॉल जूनमध्येच बोलून ठेवावा.

चौथं काम: गल्लीची वही

हे काम तालीम मंडळाइतकं चांगलं दुसरं कोण करू शकत नाही. कोल्हापुरात प्रत्येक पेठेत तालीम आहे, मंडळ आहे, पोरं आहेत, गणपतीला आणि फुटबॉलला जी फौज उभी राहते तीच जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन संध्याकाळी घरोघरी फिरली तर वही पूर्ण होते. प्रत्येक घराला एक पान. घराचा फूट, माणसं किती, एकटं कोण राहतं, चालता न येणारं कोण आहे, डायलिसिस कुणाचं आहे, इन्सुलिन कोण घेतं, ऑक्सिजन मशीन कुणाकडं आहे, कुठं जाणार आहेत त्या पाहुण्यांचा फोन नंबर. भाड्यानं राहणारी पोरं आणि बांधकामावरची परगावची कुटुंबं हमखास राहून जातात, त्यांना आधी लिहा. २०१९ ला आमच्या गल्लीच्या मागच्या अर्धवट इमारतीत एक बिगारी कुटुंब तिसऱ्या मजल्यावर दोन दिवस अडकलेलं होतं आणि आम्हाला ते माहीतच नव्हतं. ही गोष्ट मला आजपण सलते.

वहीच्या शेवटच्या पानावर ट्रॅक्टर कुणाचा, दोर कुणाकडं, पोहता कुणाला येतं, नर्स कोण आहे, वायरमन कोण आहे, आणि नंबर, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, महावितरण १९१२. वहीच्या तीन झेरॉक्स काढून तीन वेगळ्या घरात ठेवायच्या, त्यातलं एक घर उंचावरचं पाहिजे. आमची पहिली वही मंडळाच्या खोलीत होती आणि खोलीसकट बुडाली.

काहिलीबद्दल दोन शब्द. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, पुरात नाव म्हणून वापरायची आपल्याकडं जुनी सवय आहे आणि अनेक जीव त्याच्यानं वाचलेत हे खरं आहे. पण ती गोल आणि उथळ असते, एक माणूस एका बाजूला कलला की ती गोल फिरते आणि पालथी होते. वाहत्या पाण्यात काहील घालायचीच नाही, उभ्या पाण्यात घातली तर दोराला बांधून, आणि आत बसलेल्या प्रत्येकाला निदान रिकाम्या झाकणबंद कॅनचा आधार देऊन.

गावाकडं: जनावरं आधी

माझं आजोळ नदीकाठी आहे. तिथं माणसं घर सोडायला तयार असतात, गोठा सोडायला नसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, दोन म्हशी म्हणजे त्या घराचा महिन्याचा पगार आहे. म्हणून गावाची योजना गोठ्यापासनं सुरू करावी लागते. सगळ्यात आधी उंचावरची जागा ठरवायची, शाळेचं मैदान, माळावरची गायरान जमीन, आणि तिथं जायचा रस्ता कितव्या फुटाला बंद होतो ते लिहायचं. चिखली, आंबेवाडीच्या लोकांना सोनतळी ठरलेली आहे म्हणून निघायचं कुठं हा प्रश्न तरी त्यांना पडत नाही. ज्या गावांना अशी जागा नाही त्यांनी १ मे च्या ग्रामसभेत ठराव करून घ्यावा, पावसाळ्याच्या तोंडावरची ती शेवटची ग्रामसभा असते.

चाऱ्याचा हिशोब सोपा आहे. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो ओला आणि पाच-सहा किलो सुका चारा, आणि पन्नासेक लिटर पाणी. दोन म्हशी, दहा दिवस, म्हणजे निदान शंभर-सव्वाशे किलो कडबा किंवा वैरण उंचावर आधीच पोचलेली पाहिजे, कारण पुरात उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, मिळत नाही, शेतच पाण्यात असतं. मुरघासाच्या पिशव्या केल्या तर अजून बरं, त्या भिजत नाहीत. घटसर्प आणि फऱ्याची लस मे-जूनमध्ये टोचून घ्या, चिखलात एकत्र बांधलेल्या जनावरांत रोग पसरायला वेळ लागत नाही. कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिहा आणि जनावराचा फोटो काढून ठेवा, वाहून गेलं तर पंचनाम्याला आणि सापडलं तर ओळखायला दोन्हीला लागतो. आणि काही कारणानं जनावर मागं ठेवून निघायची वेळ आलीच तर दावं कापून निघा. मोकळं जनावर उंच जागा शोधतं, बांधलेलं जागेवर मरतं. मामांनी २०१९ ला हे केलं म्हणून त्यांची एक म्हैस तिसऱ्या दिवशी दीड किलोमीटरवर एका मंदिराच्या कट्ट्यावर उभी सापडली.

प्यायचं पाणी, लाईट, संडास

पुरात सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, हे शहरानं २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा बघितलंय, कारण शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रंच पाण्यात गेली. आता काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आली तरी वीज गेली की पंप थांबणारच, म्हणून घरात दहा दिवसांचं धरून चाला. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, पाच माणसांना दहा दिवसांचे अडीचशे लिटर, म्हणजे एक मोठं झाकणाचं बॅरल. वापरायचं पाणी आभाळातनं घ्या. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पाचशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, दहा मिलीमीटरच्या एका सरीत चारशे लिटर सहज. गच्चीच्या पाईपला तोटी बसवून पहिल्या दहा मिनिटांचं पाणी सोडून द्यायचं आणि मग बॅरल लावायचं. पाचशे-सातशे रुपयांचं काम आहे.

लाईटचं काम पावसाळ्याआधी करायचं. मीटर बोर्ड आणि मेन स्विच २०२१ च्या खुणेच्या वर न्या, आम्ही बोर्ड पाच फुटांवरनं आठ फुटांवर नेला, लायसन असलेला वायरमन आणि महावितरणची परवानगी घेऊन. खालच्या मजल्याचं आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगळं करून घ्या. प्लगपॉइंट खालनं वर घ्यायचे आणि वायरिंग वरनं खाली आणायचं, म्हणजे पाणी उतरल्यावर अख्खी भिंत फोडावी लागत नाही.

संडासचा त्रास लोक बोलत नाहीत पण सगळ्यात वाईट तोच असतो. नदीचं पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच ड्रेनेजमधनं उलटं फिरून संडासच्या भांड्यातनं घरात येतं. घराबाहेरच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. ते जमलं नाही तर वाळूनं अर्धी भरलेली पोती पोत्याच्या आत पोतं घालून भांड्यात आणि न्हाणीच्या जाळीवर दाबून ठेवा. जमिनीतल्या टाकीचं झाकण रबर लावून घट्ट करा, त्यात एकदा पुराचं पाणी गेलं की टाकी पूर्ण उपसून धुतल्याशिवाय वापरता येत नाही.

उंचावर राहणाऱ्यांनी काय करायचं

कळंबा, उपनगरातल्या नवीन कॉलन्या, इथल्या लोकांना वाटतं पूर हा खालच्यांचा विषय. पण जयंती नाला त्याच कळंबा-कात्यायनीच्या बाजूनं येतो. वरच्या कॉलनीत प्रत्येकानं अंगणाला फरशी घातली, गटर काँक्रीटचं केलं, की जे पाणी मातीत मुरायला दिवस घ्यायचं ते तासाभरात नाल्यात येतं, आणि नदी भरलेली असली की ते पाणी जायला जागा नसते, ते खालच्या गल्लीत थांबतं.

आपल्या गावात पाणी थांबायच्या जागा होत्या हे नावं बघितली तरी कळतं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ तळं होतं, कपिलतीर्थ मार्केट, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं. तळी बुजवली, पाणी मात्र जागा विसरलं नाही, गांधी मैदानात दर पावसाळ्यात काय होतं ते सगळ्या कोल्हापूरनं बघितलंय. राहिलेल्या तळ्यांच्या काठावर भराव पडताना दिसला तर फोटो काढून लेखी तक्रार करा आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. स्वतःच्या घरी निदान निम्मं अंगण माती ठेवा. गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा, चार फूट लांब-रुंद, पाच-सहा फूट खोल, खाली मोठा दगड, वर खडी, वर जाड वाळू. बोअरमध्ये थेट सोडू नका, गाळणीच्या खड्ड्यातनं सोडा. पूररेषेच्या आतल्या घरांनी हे खड्डे काढू नयेत, तिथं पावसाळ्यात भूजल आधीच वर आलेलं असतं आणि घाण पाणी आत जायची भीती असते.

प्लॉट किंवा फ्लॅट घेणार असाल तर नगररचना खात्याकडं जाऊन निळी आणि लाल पूररेषा नकाशावर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकाम नकोच. दोन्हींच्या मध्ये घेत असाल तर खाली नुसतं पार्किंग आणि राहणं वर, असंच घ्या. भराव टाकून उंच केलेला प्लॉट बघून खूश होऊ नका, तुमच्या प्लॉटवरचं पाणी तो भराव शेजाऱ्याच्या घरात ढकलतो.

पाणी उतरल्यावर

घाई करायची नाही पण एका कामाला घाई करायची, ते म्हणजे गाळ. पाणी घोट्याएवढं राहिलं की त्याच पाण्यानं खराट्यानं गाळ ढकलत बाहेर काढायचा. पाणी पूर्ण गेल्यावर तोच गाळ दोन दिवसांत सिमेंटसारखा घट्ट होतो आणि मग कुदळ लागते. त्याआधी भिंती बघा. मातीची, पांढऱ्या मातीची जुनी घरं पाण्यात असताना उभी राहतात आणि ऊन पडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसतात. भिंतीला पोट आलं असेल, चौकट तिरकी झाली असेल, तर आत पाऊल टाकू नका. गमबूट, हातमोजे, आणि हातात काठी, अडगळीत साप असतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतनं पसरणाऱ्या तापाची, लागण अशीच होते. ताप आला तर अंगावर काढू नका, आणि गोळ्या आरोग्य केंद्रात विचारूनच घ्या.

एकाही वस्तूला हात लावायच्या आधी फोटो. पाण्याची रेषा दिसेल असा प्रत्येक खोलीचा, मग प्रत्येक वस्तूचा, गावाकडं गोठ्याचा आणि पिकाचा. पंचनामा व्हायला दिवस लागतात, तोपर्यंत भिजलेलं सामान घरात ठेवणं शक्य नसतं, आणि फोटो नसला की सांगण्यात आपला वेळ जातो. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, त्यात घरातल्या माणसांची आणि वस्तूंची संख्या बरोबर आहे का ते सही करायच्या आधी वाचा. आमच्या शेजारच्या काकूंचं नाव पहिल्या यादीतनं गळालं होतं, मंडळाच्या वहीतलं त्यांचं पान आणि फोटो दाखवल्यावर ते घातलं गेलं.

गावच्या विहिरीचं पाणी आधी उपसा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीत पाणी किती ते काढायला, व्यास फुटात, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली फुटात, गुणिले २२. वीस फूट व्यासाची विहीर आणि पंधरा फूट पाणी म्हणजे ४०० गुणिले १५ गुणिले २२, एक लाख बत्तीस हजार लिटर. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ६६० ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, बादली खाली-वर करून ढवळायचं, अर्धा तास थांबायचं आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ती तपासणी, घ्यायची. पाणी पिवळं झालं तर ठीक, नाही झालं तर परत मात्रा द्यायची, पुरानंतर बहुतेक वेळा दुप्पट लागतेच. टीसीएलची पिशवी फुटकी, ओलसर असेल तर ती पावडर फेकून द्या, तिच्यातला क्लोरीन गेलेला असतो. टेस्ट पिवळी आली तरी महिनाभर पाणी उकळूनच प्या.

लाईट लगेच चालू करायची नाही, भिंतीतले पाईप ओले असतात. वायरमननं मेगरनं, म्हणजे वायरिंगमधनं वीज गळते का ते बघायच्या मशीननं, तपासल्यावरच मेन स्विच वर करायचा, आणि फ्रीज, मोटर, मिक्सर आठवडाभर वाळल्याशिवाय लावायचे नाहीत.

हे सगळं झालं की पंधरा दिवसांत, आठवण ताजी आहे तोपर्यंत, मंडळाची बैठक घ्या आणि वही पुढं ओढून कुठला आकडा चुकला ते बघा. २०२१ नंतर आम्ही तीन आकडे खोडलेत. गाड्या काढायचा आकडा ४४ होता तो ४३ केला कारण पुलाकडचा रस्ता आधीच तुंबला होता, म्हातारी माणसं हलवायचा ४६ होता तो ४५ केला, आणि एका घरात दोन महिन्यांचं बाळ होतं म्हणून त्या पानावर लाल पेननं ४१ लिहिलं. ते बाळ आता शाळेत जातंय, पान बदलायला झालंय, या मे महिन्यात बदलणार.